शून्य सेकंदांची लिफ्ट

२ जून २०२५
सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून पहिलं मोठं काम: लिफ्ट. सात मजले, एकच लिफ्ट, रोज ताटकळणं. तिने कधी कुठल्या मजल्यावर थांबायचं, हे आता माझं यंत्र ठरवणार. गणित नाही, मॉडेल नाही. नुसता डेटा द्यायचा, ते आपोआप शिकतं. ऑनलाइन कोर्स पूर्ण केलाय. जवळजवळ.

४ जून
आमच्या सौ. हर्षालीने विचारलं, ते चुकीचं शिकलं तर? म्हणालो, ओझरला विमानाच्या कारखान्यात होतो मी. ती म्हणाली, स्टोअर्समध्ये. विषय बदलला.

७ जून
परवा यंत्र बसवलं. पण डेटा कमी पडतोय. लोक लिफ्ट पुरेशी वापरतच नाहीत. शेवटी मीच आमच्या चौथ्या मजल्यावर खुर्ची टाकून दिवसभर बटण दाबत बसलो. अंगठा सुजला. विज्ञानासाठी एवढं चालतं.

१० जून
शिकलं! कुणी कुठूनही बोलावलं तरी लिफ्ट आधी चौथ्यावर येते, दार उघडून माझी वाट बघते आणि मगच पुढे जाते. भरून आलं.

११ जून, सकाळ
सातव्या मजल्यावरचे महेबूबभाई भडकले. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं. म्हणाले, "सारखी चौथ्यावर काय जाते ही? माहेर आहे का तिचं तिथे?" सांगितलं, सिस्टिम लर्निंग फेजमध्ये आहे. त्यांनी विचारलं, ती शिकेपर्यंत मी पार्किंगमध्येच राहू का? प्रश्न टेक्निकल नव्हता. म्हणून नोंदवून घेतला नाही.

१५ जून
लोक जिन्याने जातायत. तब्येतीला उत्तमच. चौथ्यावर दम लागतो, मग आमच्याकडे टेकतात. पाणी, चहा, पोहे. महेबूबभाई तर तासभर सोफ्यावर पडून होते. हर्षालीने त्यांना शेकायची पिशवी दिली. इतकी माणसं आमच्या घरी कधीच आली नव्हती. लोकप्रियता वाढतेय. दूध वाढवून सांगितलं.

१९ जून
ऐतिहासिक दिवस! लिफ्टसाठी वाट बघण्याचा सरासरी वेळ: शून्य सेकंद. हर्षाली म्हणाली, लिफ्ट कुणी वापरतच नाही म्हणून. असेल. पण शून्य म्हणजे शून्य. प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली.

२२ जून
तातडीची सभा. ठराव एकच: यंत्र काढायचं, सेक्रेटरीही बदलायचा. मी शून्यावर जोरदार भाषण केलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. महेबूबभाई म्हणाले, माणूस वाईट नाही, चहाही चांगला देतो, पण मला घरी जायचंय. मतदान झालं. ठरावाच्या बाजूने किती हात वर गेले, ते बघवलं नाही. विरोधात कोण, असं विचारल्यावर एकच हात वर. हर्षालीचा! इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी वाटलं नव्हतं. जिना चढताना गहिवरून तिचे आभार मानले.
म्हणाली, "अहो, मी पंखा कमी करायला सांगत होते."