टिपेच्या ऐवजी चहा

बाबा,

गेल्या आठवड्यात मी एका माणसाला चहा पाजला. दूध, साखर, पत्ती, गॅस सगळं धरून मला दहा रुपयांच्या आत पडला असेल. खरा खर्च त्याने केला. त्याची पुढची ऑर्डर गेली आणि तिच्यासोबत दिवसाचा बोनस.

तुमच्या वेळी हे नव्हतं. आता अमरावतीत भूक लागली की फोनवर बोट ठेवायचं, कोणीतरी गाडीवर जेवण घेऊन दारात येतो. मी दुसऱ्यांच्या हॉटेलांतलं मागवतो, चव पाहायला. अकोल्याचं आपलं हॉटेल मुलगा बघतो, पण तिथे शब्द अजून माझाच चालतो. टेबलं पुसत वर आलोय. गिऱ्हाइकाची खुर्ची कशी सरकते त्यावरून सांगतो, बडीशेपेच्या बशीत टीप पडणार की सुटे खिशात जाणार.

तुमचा अंदाज मात्र मला आला नव्हता. नांदगावहून पहिल्यांदा हॉटेल बघायला आलात, तेही रविवारी, ऐन दुपारच्या गर्दीत. बिल देणारच म्हणून हटून बसलात. वेटरने बशी ठेवली, मी कानाशी म्हटलं, यात दहा-वीस राहू द्या. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "जो आपल्याले वाढते त्याच्या हातावर पैसे ठेवू? तो का भिकारी हाय?" मग त्यालाच, "तू जेवला का रे बापू?" तो म्हणाला, नाही. "बस मंग." आणि तो बसतो, मालकाच्या बापापुढे दुसरं करणार काय! तिकडे गिऱ्हाइकं वरणासाठी ओरडताहेत, वाढायला मी धावतोय, त्याला घास उतरत नाहीये, आणि तुम्ही आग्रहाने त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकताय. तुम्ही गेल्यावर तो म्हणाला, "शेठ, तुमचे बाबा लय चांगले हायेत. पण रविवारी नका आणू."

गेल्या आठवड्यातला तो माणूस धामणगावकडचा, चाळिशी ओलांडलेला, कानशिलं पांढरी झालेली. भर उन्हात जिना चढून आला. जेवणाच्या वेळी जेवण आणणारा माणूस तसाच परत पाठवणं तुमच्या घरात वाढलेल्याला जमतं का?

"बसा, चहा घ्या."

"राहू द्या ना काका."

"राहू द्या कसं? बसा."

मोठ्या माणसाचा शब्द मोडवेना म्हणून बसला. मी चहा टाकला. उकळी येईपर्यंत त्याच्या खिशात फोन थरथरतोय, हे मला ओट्यापाशी ऐकू येत होतं.

"उचला की."

"उचलून काय करू? ऑर्डर हाय ती. चहा सोडून कसा जाऊ?"

"नाही घेतली तर?"

"दुसऱ्याले जाते. एक जरी सोडली तं आजचा बोनस गेला समजा." आणि हसला. "पण चहा मस्त झाला, काका."

मी पन्नासाची नोट काढली. ती घेत तो म्हणाला, "हेच खाली गेटवर देल्ले असते तं दोघायचंबी काम झालं असतं."

मला राग आला नाही. उलट हायसं वाटलं, कोणीतरी सरळ सांगितलं म्हणून. आता जेवण यायच्या वेळी मीच गेटवर उभा राहतो, एका हातात गार पाण्याची बाटली, दुसऱ्यात नोट. पार्सल घेतलं की गाडी लगेच वळते. जेवणही गरम मिळतं. तुम्ही विचारलं असतं, "माणसाले उभ्या-उभ्या काहून धाडतं रे?" हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून बरंच वाटतं.

त्या माणसाच्या बोलण्यावरून आपल्या हॉटेलाची आठवण झाली. तिथेही पार्सल नेणारे दारात उन्हात ताटकळतात. त्यांच्यासाठी सावलीत एक बाक ठेव, असं मी मुलाला दोनदा सांगितलं. बाक अजून आलेला नाही.