खरवडलेलं अंगण

१२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न.

तुझं अंगण मला वेड लावणार! कारखान्यातल्या अपघातानंतर पसरलेले किरणोत्सारी कण शेजारणीच्या मातीत भरपूर आहेत, तुझ्या मातीत जवळपास नाहीतच. पण तुला किती किरण लागले ते नोंदवणारा बिल्ला परत आला, तर तो शेजारणीपेक्षा जास्त दाखवतोय. आता खोटं कोण, माती की बिल्ला? दोन्ही पुन्हा तपासले, उत्तर तेच.

साहेब म्हणतात, माती चांगली निघाली ना, मग घर राहण्याजोगं असल्याच्या दाखल्यावर सही कर आणि मोकळी हो. माझी सही झाल्याशिवाय तुझ्या नातीला, छकुलीला, तुझ्याकडे राहता येणार नाही, हे कळतं गं मला. पण ताळा जुळल्याशिवाय पुढचं गणित घ्यायचं नाही, हे घरी तूच शिकवलंस ना? बिल्ला कुठे कुठे नेलास ते सगळं लिही. रागावू नकोस.

तुझी,
घाबरट भाची

१८ मार्च

चि. घाबरटीस, पोटभर आशीर्वाद.

बिल्ला मी कुठे नेणार? दिवसा गळ्यात, रात्री उशाशी. त्यात कंबर धरलेली, म्हणून दिवसाही पलंगावरच. तुम्ही मोजायला येणार म्हणून अंगण आधी खरवडून घेतलं, त्याचा हा प्रसाद. पाहुण्यांना का घाण अंगण दाखवायचं? शेजारीण म्हणाली, म्हातारी परीक्षेआधी उत्तरं लिहून बसली!

वरची माती काळीभोर, टाकायला जीव होईना. कुंड्यांत भरली आणि रोपं गारठू नयेत म्हणून पलंगाशी मांडल्या. गुलाब काय फुललाय! छकुलीची गादी तिथेच घालणार आहे. आता कर बाई सही. पोर रोज विचारते.

तुझी मावशी

२३ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न.

गादी घालू नकोस! ते कण वरच्या थरातच असतात. तू अंगण खरोखर साफ केलंस आणि सगळं उशाशी नेऊन ठेवलंस. म्हणजे मातीही खरी, बिल्लाही खरा. घाबरू नकोस, आकडा आजार होण्याइतका नाही. पण पोरीच्या डोक्याशी ती माती नको. कुंड्यांना हात लावू नकोस, तू दुसऱ्या खोलीत झोप. मी येऊन त्या हलवते.

आणि एक. माझ्या खोलीतही किरण मोजायचं यंत्र थोडं जास्तच दाखवायचं. मी त्यालाच नावं ठेवून दुरुस्तीला पाठवलं. तुझं पत्र वाचता वाचता टेबलाकडे लक्ष गेलं. तू मला कुंडीसकट दिलेला गुलाब इथेच आहे, या कागदाशेजारी. हसावं की काय करावं, कळेना.

तोही घेऊन येते. सही तुझ्या पलंगाशी मोजूनच करीन. तोवर राग राखून ठेव, माया मात्र चालू दे.

तुझीच,
भाची