झडपेवरचा थेंब

प्रिय धाकटे,

माझं अक्षर दिसलं असतं तर पाकीट न फोडताच कपाटावर भिरकावलं असतंस, म्हणून पत्ता तुझ्या लेकीकडून लिहून घेतला. लबाडी आहे, मान्य. पण चौदा वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, सरळ दारातून यायची सोय मला उरलेली नाही. आत काय लिहिलंय ते तिला ठाऊक नाही, उगाच तिच्यावर डाफरू नकोस. येत्या गुरुवारी माझ्या हृदयात चिमटा बसवणार आहेत. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं आणि तू शेवटपर्यंत वाचायला हवंस. नंतर फाडून टाक, माझी ना नाही.

चिमटाच म्हणतात त्याला. माझी डावीकडची झडप गळते आहे. तिच्या दोन पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत, त्यामुळे पुढे जायचं रक्त दर ठोक्याला मागे, फुफ्फुसांकडे येतं. एक जिना चढले की धाप लागते. आडवी झाले की गुदमरते, म्हणून तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपते. डॉक्टर म्हणजे कालपरवा मिसरूड फुटलेला पोरगा. टेबलावर प्लॅस्टिकचं हृदय ठेवून मला म्हणतो, "आजी, हे बघा, हे आपलं हार्ट." मी कुणाची आजी? जिनं लग्नच केलं नाही तिला नातवंडं काय पोस्टानं येतात? तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं देत उभी होते, असं सांगितलं. "अरे वा, मग तुम्हाला सगळं माहीतच आहे!" म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. जांघेतल्या शिरेतून नळी वर न्यायची, हृदयातल्या पडद्याला भोक पाडून डावीकडे शिरायचं आणि त्या दोन पाकळ्या मधोमध चिमट्यात पकडायच्या. "दोरीवर कपड्यांना लावतो ना आजी, तस्सं." छाती उघडून झडप शिवणं माझ्या वयाला आणि किडन्यांना झेपणार नाही म्हणे. आमच्या काळी झेपतं का ते करून बघायचे, आधी विचारत नसत.

वॉर्डाचं काय सांगू? भिंतीवर "शांतता राखा" अशी पाटी आणि तिच्याच खाली टीव्ही बोंबलतो आहे. चादर बदलायला येणारी मुलगी कोपरे दुमडत नाही, नुसती गादीखाली कोंबते. मी उठून एकदा तिला दाखवलं, तर नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पेशंट आहात, पेशंटसारखं राहा." पेशंटसारखं राहायला मला कुठल्याच शाळेत शिकवलेलं नाही. आपल्या शाळेतली ती शिवणाची नन आठवते? रफू केलेला मोजा खिडकीशी धरायची. आरपार उजेड दिसला की एकच शब्द, "उसवा." तू मान खाली घालून मुकाट्यानं उसवायचीस. मी वाद घालायचे, बुटात गेल्यावर कोण बघतंय? ती म्हणायची, "घालणाऱ्याच्या टाचेला कळतं." तेव्हा मला फार हसू आलं होतं.

आता मास्तरांबद्दल. तुझ्या नवऱ्याला नावानं हाक मारलेली मला आठवतच नाही, साऱ्या घरानं त्यांना मास्तरच म्हटलं. खिशात खडू, बाहीवर खडू, लग्नाच्या फोटोतसुद्धा बोटांना खडू. त्यांच्या झडपेला धरून ठेवणारी एक दोरी तुटली तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, आणि तेव्हा चिमटे नव्हते, छातीच उघडावी लागायची. थिएटरबाहेरच्या त्या हिरव्या बाकावर बसून तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "ताई, तू आत असलीस ना, की मला भीती नाही." नात्यातल्या माणसाच्या ऑपरेशनला उभं राहायचं नाही, असा नियम होता. तो शहाण्या लोकांनी केलेला होता. मी मेट्रनशी भांडून ड्यूटी बदलून घेतली. माझ्या जिभेपुढे कोण टिकलंय?

पुढची सहा वर्षं तू पाहिलीसच. पहिल्या तपासणीत "किंचित गळती" असं लिहून आलं आणि आपण सगळ्यांनी ती किंचितच मानली. मग ती वाढली. मास्तर फळ्याला टेकून शिकवायला लागले, मग खुर्चीत बसून, मग शिकवेनासेच झाले. पाय सुजले, मीठ तोडायला सांगितलं. दुसऱ्या ऑपरेशनचं विचारलं, तोवर हृदय इतकं थकलं होतं की कुणी हात लावायला तयार होईना. आणि ते गेले त्या दिवशी तुझ्या बाहेरच्या खोलीत, वीस माणसांसमोर, मी म्हणाले, "मीठ तोड म्हणून किती वेळा बजावलं होतं? दोन घासांच्या चवीपायी माणूस घालवलास." तू उठून आत गेलीस. तुझं ते दार अजून बंदच आहे. मला सगळे फटकळ म्हणतात आणि मीही ते मिरवत आले, पण त्या दिवशी मी फटकळपणानं बोलले नव्हते. कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय मला तिथे उभं राहता येत नव्हतं.

मास्तरांचं ऑपरेशन करणाऱ्या आमच्या मोठ्या सरांची एक पद्धत होती. झडप शिवून झाली की पिचकारीनं हृदयाच्या कप्प्यात पाणी भरायचं. पाकळ्या फुगतात, एकमेकींना टेकतात, आणि कुठून पाणी झिरपतंय का ते दिसतं. सर म्हणायचे, तीन तास भिंगातून बघून माझे डोळे लबाड होतात, मला माझे टाके चांगलेच दिसणार. म्हणून ते सिस्टरला विचारायचे, "कोरडं?" आणि सिस्टर मोठ्यानं "कोरडं" म्हणाल्याशिवाय पुढचा टाका घालायचे नाहीत. अन्ननलिकेतून यंत्र घालून पडद्यावर बघायची सोय आमच्याकडे तेव्हा नव्हती. एका बाईच्या शब्दावर उघडलेली हृदयं शिवून बंद व्हायची. त्या दिवशी पाणी भरलं, पाकळ्या फुगल्या, आणि मागच्या कडेला एक थेंब उभा राहिला. राईएवढा. मग ओघळला. हृदयाच्या जागी रक्त फिरवणाऱ्या मशीनवरचा माणूस मिनिटं पुकारत होता, मास्तरांचं हृदय थांबवून दोन तासांच्या वर झाले होते. "नाही" म्हणाले असते तर सगळं उसवून पुन्हा अर्धापाऊण तास. दुसरं कुणाचं हृदय असतं तर धाकटे, मी बेधडक "नाही" म्हणाले असते, शंभरदा म्हटलंय. पण ते तुझ्या मास्तरांचं होतं, आणि ते धडधडताना बघायची मला घाई झाली होती. मी "कोरडं" म्हणाले. उसवलं असतं तर ते वाचले असते की टेबलावरच गेले असते, मला माहीत नाही. वीस वर्षं रोज विचार करते आहे, अजून माहीत नाही. गुरुवारी माझं हृदय चालू असतानाच पडद्यावर बघतील, गळत असलं तर चिमटा सोडून पुन्हा लावतील. कुणाच्या शब्दाची गरज नाही. बरं आहे.

हे सगळं मी माझ्याबरोबर घेऊन जाणार होते. पण परवा तुझी लेक माझ्या उशाशी बसली होती. इथलं अळणी जेवण बघून मी ताट लोटलं, तर ती सहज म्हणाली, "मावशी, आमच्याकडे रोज असंच. आई माझ्यापुरतं वेगळं करते, पण बाबा गेल्यापासून स्वतः मिठाला हात लावत नाही." चौदा वर्षं! अगं वेडे, मी काहीतरी बरळले आणि तू ते रोज दोन वेळा गिळत राहिलीस? मोठे सर गेले. तो थेंब मी एकटीनं पाहिला होता. गुरुवारी मी टेबलावरून उठले नाही, तर तुला हे सांगणारं जगात कुणी राहणार नाही, म्हणून लिहिलं. मिठानं काही झालं नाही. तुझ्या हातून काही झालं नाही. माफ कर म्हणत नाही, ये म्हणायला तोंड नाही, येऊ नकोस म्हटलं तर आणखी एक खोटं होईल. एवढंच कर. पत्र बाजूला ठेव, आज जेवायला बसशील तेव्हा भातावर चिमूटभर मीठ घाल, आणि खा.

तुझीच,
त्या दिवशी आत असलेली
ताई