ओट्याची उंची

सोलापूर, रविवार, सायंकाळ

आज मॉड्युलर किचनचे आणखी एक दुकान पाहिले आणि नव्या घरापुरता निर्णय झाला. दर आमच्या आवाक्यातला होता, शटरची जुळणीही निर्दोष. ओटा मात्र माझ्या कमरेच्या बराच वर. विक्रेता हसून म्हणाला, "मॅडम, हीच स्टँडर्ड उंची असती की! आता घरात भाकरी कोण थापतंय?"

मी थापते. भाड्याच्या प्रत्येक घरात पाटावर उभी राहून थापली. स्वतःच्या घरातही पाटच? कदापि नाही. ओटा आमचा गवंडीच बांधील, माझ्या मापाने. दुकानातून केवळ शटर आणि ट्रॉल्या येतील. खर्चही कमी होईल. हे पहिल्याच दुकानात का सुचले नाही?

उंचीचा हा हट्ट अतिरेकी आहे का? परतताना ह्यांनी गाडीत विचारलेच, "अगं, एवढ्या बुटक्या ओट्यावर मी भांडी कशी घासायची? कंबर मोडंल की माझी!"

"अहो, आधी एकदा घासून दाखवा," मी म्हणाले, "मग तुमच्यासाठी सिंक उंच बसवू."