एक, चार, पाच

प्रिय भोंग्या,

‘प्रिय’ लिहिलंय ते बायको म्हणाली म्हणून. तिचं म्हणणं, सुरुवात नीट कर, पुढे काय ओकायचं ते ओक. तर ओकतो. चाळीस वर्षं तुझ्या टायरच्या दुकानात, शटर खाली ओढून, टायरांच्या थप्प्यांमध्ये बसून मी तुझ्या गाण्यामागे गिटार वाजवली. आणि त्या रविवारी तू सगळ्यांसमोर विचारलंस, गिटार वाजवतोयस की पत्रा कापतोयस? मी जन्मभर कारखान्यात प्रेसवर पत्राच कापला, त्याची मला लाज नाही. पण ड्रम बडवणारा आपला पोस्टमन फिदीफिदी हसला आणि तू त्याला गप्प केलं नाहीस, हे लागलं. मी गिटार खोळीत घातली आणि चहा न पिता निघालो. आता त्याच पोस्टमनने माझ्या बायकोला सांगितलंय की माझ्या जागी वाद्यांच्या दुकानातला तो केसाळ सेल्समन येणार. माझी जागा रिकामी झालेली नाही, हे तुला कळावं. शिवाय ॲम्प्लिफायरचा तो प्लग अजून तसाच लोंबतोय का ते बघ. एवढं रबर भरून ठेवलंयस, आग लागली तर पळायला वाट नाही. त्या काळजीने मी कूस बदलत राहतो आणि तू मात्र घोरत असशील.

वहिनींना म्हणालास म्हणे, म्हाताऱ्याला शिंगं फुटली, संगीताची थिअरी शिकायला जातो, आता आपल्यात कशाला येईल. होय, जातो. सातवीत शाळा सुटली ती सुटली, आता या वयात फळ्यासमोर बसतो. मास्तरीण माझ्या मुलीपेक्षा लहान आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, काका, हे गाणं कुठल्या पट्टीत वाजवताय? मी म्हटलं, भोंगा ज्या पट्टीत ओरडेल त्या पट्टीत. ती हसली नाही. तिने फळ्यावर सात सूर लिहिले, त्यांना आकडे दिले आणि दाखवलं की पहिल्या सुरावरची कॉर्ड म्हणजे एक, चौथ्यावरची चार, पाचव्यावरची पाच. पट्टी बदलली तरी आकडे तेच. आपली निम्मी रॉक गाणी एवढ्या तीन कॉर्डवर चालतात. माझं डोकंच फिरलं. एकेका गाण्यासाठी आपण कॅसेटी मागेपुढे करून फिती तोडल्या, बोटांची सालटी काढली. तुझा घसा बसला की तू पट्टी उतरवायचास आणि मी सगळं पुन्हा पहिल्यापासून पाठ करायचो. हे तीन आकड्यांत कोणी का सांगितलं नाही? मास्तरणीवरच ओरडलो. ती म्हणाली, काका, तुम्ही कुणाला विचारलंत का? आगाऊ आहे, पण शिकवते चांगलं. आपण आवाज फाडून जी दणदणीत कॉर्ड वाजवतो ना, तिच्यात पहिला आणि पाचवा असे दोनच सूर असतात. कॉर्ड हसरी की रडकी हे ठरवणारा तिसरा सूर त्यात नसतोच. इतकी वर्षं मी जे वाजवलं ते ना हसरं ना रडकं. बायको म्हणाली, अगदी तुमच्या तोंडासारखं.

तुला वाटेल, म्हातारपणी ही हौस कुठून आली. हौस कसली डोंबलाची. आधी किटलीची शिट्टी गेली, मग दारावरची घंटा, मग गिटारची सगळ्यांत बारीक तार. बोटाखाली ती थरथरते, कानात काही येत नाही. त्या रविवारी मी तारा लावूनच आलो होतो, माझ्या कानाने. डॉक्टर सगळं बायकोकडे बघून सांगत होता, मी जणू तिच्या शेजारी ठेवलेली पिशवी. प्रेसच्या आवाजाने उजवा कान गेलाय, डावाही चाललाय, गेलेलं परत येणार नाही. यंत्र लावून पाहिलं. त्यातून गिटार म्हणजे चमचे सांडल्यासारखी वाजते. खरं तर फोरमनवर चिडायला हवं. कानात कापूस घातला की तो आम्हाला नाजूक नार म्हणायचा. पण तो मरून गेला. मग उरलास तू.

फोनवर तुझं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं येतं, म्हणून हे लिहितोय. मी या रविवारी येणार आहे. ड्रमचा ठोका जमिनीतून पायात चढतो, त्यामुळे ताल सुटणार नाही. तारा जुळवायला दिव्याचं यंत्र घेतलंय, हिरवा लागला की जुळली. फक्त गाण्यात तू कुठे वळतोस ते मला आता कळत नाही. म्हणून आधी खडूने समोरच्या टायरवर पट्टी लिहून ठेव. आणि गाताना तुझा डावा हात उगाच हवेत फिरत असतो, त्याला कामाला लाव. वळायच्या जरा आधी बोटं वर कर. एक, चार, पाच. मी बरोबर तिथे येईन. पोस्टमनला यातलं काही सांगू नकोस, तो घरोघरी वाटेल. तो केसाळ माझ्या खुर्चीत बसला असेल तर त्याला उठव. माझी कीव करायची नाही आणि कानाशी येऊन किंचाळायचं नाही. नुसती बोटं दाखव.

तुझाच, राग न गेलेला,
कटकट्या