माठाच्या भाजीसोबतचा खारा मासा

बुधवार, १२ ऑगस्ट २०१५, बिशान. संध्याकाळ.

समोरच्या फ्लॅटमधल्या मार्वाची आई काल तिकडे जमैकात वारली. मार्वाला आठवा महिना, विमानात बसता येत नाही. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनीच जेवण न्यायचं असतं, म्हणून दुपारी डबा घेऊन गेले.

तिच्या गावची कॅलालू ही पालेभाजी म्हणजे आपला माठच, म्हणून तीच केली. पण सोबत काय द्यावं? तिच्याकडे ती खाऱ्या माशाबरोबर खातात, हे ठाऊक होतं. मासा आणलाही होता. आम्ही रत्नागिरीचे, मासे खाणारेच. पण सुतकात मासा? हात धजेना. साधा भात दिला.

ती सगळं जेवली. मग हळूच म्हणाली, "आमच्याकडे कुणी गेलं की माणसं जमतात आणि मासा करतातच. आईला तर त्याशिवाय ही भाजी चालायचीच नाही."

माझी आई गेली, तेव्हा हीच मार्वा डबा घेऊन आली होती. झाकण उघडताच खाऱ्या माशाचा वास आला. "आम्हाला आत्ता हे चालत नाही," म्हणून मी तो दारातूनच परत दिला. वर चिडलेसुद्धा, एवढं कसं कळत नाही म्हणून. ती डबा घेऊन परत गेली. आज तिने त्याची आठवणही काढली नाही. विसरली असेल का? नाही, विसरली नसणार.

खारा मासा आत्ता भिजत घातलाय. उद्या भाजीबरोबर तिला नेऊन देईन. पण माझ्या आईसाठी आलेला तो डबा आता कुठून आणू?