गळ्यातलं हाड

१४ सप्टेंबर, सोमवार. आफ्लाव

आज लेक सेलोम शाळेतून आली ती एवेतली कासवाची गोष्ट म्हणतच. आपल्या घरच्या भाषेतली गोष्ट, आणि बाईंनी वर्गात शिकवलेली — ढोल वाजवून! मी मशीनवर शिवत होते. पाय थांबला. तोंडातून निघून गेलं, "हळू बोल, कुणी ऐकेल."

माझा नवरा सेन्यो हसला. "अगं, घानाची शाळा आहे ही, तुमच्या टोगोची नाही. ऐकेना का कुणीही."

खरंच की. पस्तिशीची घोडी झाले, तरी मान आपोआप खाली जाते.

१६ सप्टेंबर

दोवीताई लोमेहून आली. सरहद्द ओलांडली की तिचं घर. म्हणाली, "सेलोमला माझ्याकडे ठेव. घरातलीच भाषा शिकवतात ती काय शाळा? फ्रेंच आलं की पोर कुठेही पोट भरेल." सेलोम नाचायलाच लागली — मावशीकडे टीव्ही आहे ना.

मी नाही म्हणाले. ताईला कारण ठाऊक आहे. "अजून त्या हाडाचं घेऊन बसलीस? छड्या मीही खाल्ल्या. मेले का?"

तिला वाटतं मी छड्यांना भिते.

१७ सप्टेंबर

लिहूनच टाकते एकदा.

लोमेच्या आमच्या शाळेत फ्रेंचच बोलायची सक्ती. बैलाचं एक हाड होतं, दोरीत ओवलेलं. एवे बोलताना जो सापडेल त्याच्या गळ्यात. उतरवायचं तर दुसऱ्या कुणाला तरी बोलताना पकडायचं. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात, त्याला छड्या. त्या दोरीला सगळ्यांच्या घामाचा वास यायचा.

मी आठ वर्षांची. मासान नवीनच खेड्यातून आलेली, माझ्याच बाकावर. फ्रेंचचा गंध नाही, म्हणून दिवसभर तोंडाला कुलूप. ती कुणालाच सापडत नसे.

त्या दिवशी हाड माझ्या गळ्यात होतं. शाळा सुटायला थोडाच वेळ. हाड असताना मला बोलायची मुभाच होती! पाण्याच्या मडक्यापाशी मी मासानचा हात धरला आणि एवेत विचारलं, "आई बरी आहे का गं?" तिची आई आजारी होती. त्या शाळेत तिच्याशी तिच्या भाषेत बोललेली मी पहिलीच. काय हसली ती. म्हणाली, "काल दोन घास जेवली."

मी हाड काढून तिच्या गळ्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पुढे कधीच नाही.

२० सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, "काल दोन घास जेवली." वळून पाहिलं तर एक म्हातारी, नातीबद्दल बोलत होती.

सत्तावीस वर्षं झाली. अजून सूपमध्ये हाड आलं की मी बाजूला काढून ठेवते.

२३ सप्टेंबर

सेलोम रुसून बसलेली. "मावशीकडे का नाही पाठवत?" शेवटी जवळ घेतली आणि हाडाचं सांगितलं. तिने एकच विचारलं, "मग तू ते उतरवलंस कसं?"

थाप मारता आली असती. नाही मारली. मासानचं नावसुद्धा सांगितलं. कुणाला तरी सांगितलं एकदाचं, बरं वाटलं. किती शांतपणे ऐकत होती, गुणाची माझी.

आता ठरलं. पोर इथेच शिकेल. ते हाड तिच्या गळ्यात पडू देणार नाही.

२८ सप्टेंबर

सेलोमच्या वर्गात लोमेची नवीन मुलगी आली आहे. एवे वाचता येत नाही, मधेच फ्रेंच बोलते, सगळे हसतात. म्हटलं, "सांभाळून घे हं तिला." हो म्हणाली.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

बाईंनी बोलावलं. टेबलावर दोऱ्यात ओवलेलं बकऱ्याचं हाड. सोमवारच्या सूपमधलं — मीच बाजूला काढलेलं. ती मुलगी कालपासून शाळेत आलेली नाही.

सेलोमला काहीच वाटत नव्हतं. "फ्रेंच बोलेल त्याच्या गळ्यात, असा खेळ होता. दोन दिवसांत ती बोलायचीच बंद झाली, आई. मग आधी मी माझ्या गळ्यात घातलं, तिचा हात धरला, आणि मावशीने शिकवलेल्या फ्रेंचमध्ये विचारलं — आई बरी आहे का गं?"